त्या दुपारचं हळदीचं गाणं

१

आमची बातमीदार दर्शना मढवी हिचा मृतदेह रेडिओच्या इमारतीच्या मागच्या अंगणात, जुन्या पाण्याच्या टाकीशेजारी सापडला. गळ्यात हेडफोन तसाच अडकलेला होता आणि गच्चीवरून पडून डोकं फरशीवर फुटलं होतं. आमच्या रेडिओच्या प्रमुख नीलाताई परचुरे बाहेरून आल्या, त्यांनी मागची खिडकी उघडली आणि त्यांना ती दिसली. तेव्हा दुपारचा कार्यक्रम नुकताच संपला होता आणि गेटवरच्या कर्ण्यावर हवामान सांगणं चाललं होतं.

मी देवराम रोकडे, निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, राहणार विठ्ठलवाडी. खात्यात होतो तोवर माझं कुणी ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर गुरुवारी सकाळी 'बंदर रेडिओ'वर बोलायला लागलो, तेव्हापासून भाजीवालीसुद्धा मोबाइल चोरीला गेला तर काय करायचं ते विचारते. आमचा रेडिओ छोटा. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका दुमजली इमारतीत तो चालतो. पाणी कुठे येणार नाही, कुठल्या पुलाला तडा गेला, कुठल्या देवळात भजनाची स्पर्धा आहे, असं मोठ्या रेडिओंना क्षुल्लक वाटणारं सगळं आमच्या वाट्याला.

आमची एक रीत आहे. हा रस्ता पुढे स्मशानात जातो. रेडिओ सुरू करणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात नियम घातला की खालून मयत चालली की चालू गाणं थांबवायचं. काही बोलायचं नाही, तिरडी वळणापलीकडे जाईपर्यंत नुसतं गप्प राहायचं. स्टुडिओ बंदिस्त, आत बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून गेटवर एक बटण आहे. वॉचमन ते दाबतो आणि निवेदकासमोर लाल दिवा लागतो. मग गेटवरचा कर्णाही गप्प आणि घराघरांतले रेडिओही गप्प. आजूबाजूच्या गावांत म्हणतात, जित्यापणी कुणी विचारलं नाही, मेल्यावर रेडिओ तरी थांबतो.

आमचा दुपारचा निवेदक प्रफुल्ल या बाबतीत फार कडक. खालून एका हमालाची तिरडी चालली होती म्हणून त्यानं एका नगरसेवकाचं बोलणं अर्ध्या वाक्यात तोडलं होतं. नगरसेवक लाल झाला आणि प्रफुल्लची कॉलर ताठ झाली.

त्या दुपारी प्रफुल्लचा कार्यक्रम सुरू होता होता दर्शना आली. मागोमाग तिचा थोरला भाऊ आनंदा आला, गेटपासूनच आरडाओरडा करत वर गेला. तो बाहेर पडताना वॉचमनला दिसला नाही. संध्याकाळी पोलिसांनी आनंदाला उचललं.

दुसऱ्या दिवशी दर्शनाची मयत त्याच रस्त्यानं गेली. लाल दिवा लागला, प्रफुल्लनं गाणं थांबवलं. इतका वेळ तो कर्णा आधी कधीच गप्प राहिला नव्हता. मी गेटवर उभा होतो आणि मला रडू आवरलं नाही. ही पोर दर गुरुवारी माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगायची.

पोरीला पोचवून तिची आई, सखुबाई, घरी गेलीच नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

२

"पोर जेली, सायब," सखुबाई म्हणाली. "आता पोऱ्याला पन नेला. घरान मना एकटीला काय ठेवताव?"

मी म्हटलं, "आनंदा भांडायला आला होता, आई. गेटवर सगळ्यांनी ऐकलंय."

"भांडनारच. त्याची जीभ वाईट हाय, हात नाय. ल्हानपनी तिला खांद्यावर घेऊन साळंन न्यायचा." तिनं माझा हात धरला. "एक जेली आता. दुसरा तरी घरी आना."

या वयात असल्या भानगडीत पडू नये हे मला कळतं. पण त्या बाईच्या अंगाला अजून चितेच्या धुराचा वास येत होता. मी सरळ पोलीस स्टेशन गाठलं.

तपास रचना ठोंबरेकडे होता. ही माझ्या हाताखाली शिकली, आता माझ्या वरच्या हुद्द्यावर आहे, पण अजून सर म्हणते. तिनं मला आनंदाशी बोलू दिलं.

आनंदाचे डोळे सुजले होते. "मी भांडायलाच गेलेलो, काका. ती रेडिओवर रोज सांगायची, खाडीत बांधकामाचं डेब्रिस टाकतात, तिवरांची झाडं मारतात. टाकणारे आमच्या गावातलेच ना. मला नाक्यावर उभं राहू देत नव्हते. बोललो, बंद कर हे. ती बोलली, नाही करणार. मग मी खाली आलो."

"गेटवरून?"

"हां. तेव्हा शिवरामबाबांची मयत आलेली. वॉचमन रस्त्याकडे तोंड करून हात जोडून उभा होता. मी पण हात जोडले आणि बाजूच्या गल्लीनं घरी गेलो."

"तुला कुणी पाहिलं?"

"सगळे मयतीत होते. मला कोण बघणार?"

बाहेर आल्यावर रचना म्हणाली, "सर, वाईट मलाही वाटतंय. पण त्या वेळी इमारतीत दोघंच होते. प्रफुल्ल तर लाइव्ह होता, आख्ख्या वेस्टनं त्याला ऐकलंय. उरला कोण? उद्या कोर्टात मी आनंदाची कोठडी वाढवून मागणार."

"दर्शना त्या सकाळी कुठे होती?"

"कळव्याला, सरकारी दवाखान्यात. कुणा पेशंटला भेटायला गेलेली."

"कोण पेशंट?"

रचनाला ते माहीत नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं.

३

पेशंट होता दौलत, डंपरचा ड्रायव्हर. त्याचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते आणि समोरचे दात पडले होते. त्याची बायको शालन उशाशी बसली होती. मी दर्शनाचं नाव काढताच तिनं तोंड फिरवलं.

"तुमच्या रेडिओनंच खाल्लं ह्यांना," ती म्हणाली.

दर्शनाच्या खाडीवरच्या मालिकेत एका ड्रायव्हरनं नाव न सांगता मुलाखत दिली होती. भराव कुणाच्या सांगण्यावरून टाकतात, कुठल्या बांधाजवळ टाकतात, सगळं तो बोलला होता. तो हा दौलत. त्याला कुणी ओळखू नये म्हणून रेडिओवर लावताना आवाज बदलला होता, तो इतका घोगरा की मलासुद्धा हसू आलं होतं. आता मला त्या हसण्याची लाज वाटली.

"गाडीवरच्या साथीदारांनी ओळखलं असेल तुला," मी म्हटलं.

दौलतनं मान हलवली. बोलायला त्याला त्रास होत होता. "नाय. मारायला आले तेनी मोबाइलवर मलाच ऐकवलं. माझा आवाज. बदललेला नाय. खरा."

मी खुर्ची पुढे ओढली. "हे दर्शनाला सांगितलंस?"

"त्या दिवशी सकाळी. ती रडली. मग भायेर जाऊन कुणाला तरी फोन लावला."

शालन म्हणाली, "मी दारात होते. फोनवर ती म्हणाली, दुपारी गच्चीवर ये, सगळ्यांसमोर नाही बोलत मी."

बदललेला आवाज सगळ्या गावानं ऐकला होता. खरा आवाज फक्त स्टुडिओच्या कम्प्युटरवर होता आणि तो कम्प्युटर आमच्यातली तीनच माणसं उघडत. एक दर्शना, ती मेली. राहिले प्रफुल्ल आणि नीलाताई.

४

दवाखान्याच्या दारातूनच मी रचनाला फोन करून दर्शनाच्या त्या फोनचं सांगितलं. तिनं दर्शनाच्या मोबाइलवरचे कॉल तपासले. शेवटचा कॉल रेडिओच्या ऑफिसच्या नंबरवर होता आणि तो तिथे कुणीही उचलू शकत होतं.

मी आधी प्रफुल्लला गाठलं. तो स्टुडिओबाहेर चहा पीत होता, डोळे लाल, दाढी वाढलेली. मंडपातल्या हळदीत, लग्नात माइक धरून तो चार पैसे जास्त कमवायचा, त्यामुळे कपडे नेहमी झकपक असायचे. आज शर्ट चुरगळलेला होता.

"ऑफिसचा फोन? मी नाही उचलला, काका," तो म्हणाला. "सकाळी मी रेकॉर्डिंगला बसलेलो. आणि दुपारी तर लाइव्ह. तुम्ही पण ऐकलं असेल ना?"

ऐकलं होतं. विठ्ठलवाडीला घरी जेवताना मी रोज ऐकतो. त्या दिवशी सुरुवातीलाच तो म्हणाला होता, मंडळी, आज फोनलाइन रुसलीय, तेव्हा आज तुम्ही फक्त ऐकायचं. मग हळदीचं गाणं लावलं होतं. चांगलं लांबलचक, दहा कडव्यांचं. माझा भात संपला तरी ते चालूच होतं.

नीलाताईंच्या केबिनमध्ये गेलो. बाई शिकलेल्या, सौम्य, बोलताना एक शब्द वाकडा जायचा नाही. मला अशा माणसांचा जरा संशयच येतो.

"त्या दुपारी मी ठाण्याला होते, देवरामजी. सांस्कृतिक समितीची बैठक होती."

"मी मघाशीच ठाण्याला फोन केला होता. ती बैठक रद्द झाली होती."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

"मी ज्यांच्याकडे गेले होते ते आपल्याला जाहिराती देतात," त्या म्हणाल्या. "दर्शनाची मालिका बंद केली नाही तर ते हात काढून घेणार होते. मी कबूल केलं. बंद करते म्हणाले. परत आले, खिडकी उघडली आणि ती खाली पडलेली दिसली. कुणाला कसं सांगू हे?"

"दौलतचा आवाज त्यांना तुम्ही दिलात?"

"नाही हो." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी भित्री आहे. पण मी माणसं विकत नाही."

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यावर विश्वासही बसला. रचनानं त्या जाहिरातवाल्याकडे माणूस पाठवला. बाई खरंच त्या वेळी त्यांच्याच ऑफिसात बसून होत्या. म्हणजे त्याही सुटल्या. प्रफुल्ल माइकसमोर, नीलाताई जाहिरातवाल्याच्या ऑफिसात, आणि गच्चीपाशी पोचू शकणारा एकटा आनंदा. शिजवून शिजवून डाळ पुन्हा पाणचटच निघाली होती.

एकच धागा राहिला होता. मयतीतल्या कुणी आनंदाला गेटवर पाहिलं असेल तर तो वेळेत बाहेर पडला असं म्हणता आलं असतं. मी शिवरामबाबांच्या घरी निघालो. तिथे मला आनंदाबद्दल काहीच कळणार नव्हतं.

५

शिवरामबाबा जन्मभर मिठागरात राबलेला म्हातारा. त्याची बायको सगुणा ओट्यावर बसली होती. मी रेडिओवाला हे कळल्यावर तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. आगरी घरात हे फार झालं.

"आनंदाला गेटवर पाहिलंत का, आई? मयत चालली तेव्हा?"

"मी कोनाला नाय बगितला. माझा ध्यान तुमचे कर्न्याकरं होता."

"म्हणजे?"

"मानसानं जलमभर तुमचा रेडिओ ऐकला. मिठागरान काम करताना झाराला टांगून ठेवायचा. मना बोललेला, सगुने, मी जाईन तवा माझेसाटी पन थांबल बग. आमी तुमचे दाराशी आलो. वॉचमननं बटन दाबला, मी सवता बगितला. आन वर हलदीचा गाना वाजतंच. वाजतंच. म्हाताऱ्याला हलदीचे गान्यावर मसनान नेला."

मी उभाच राहिलो. ओट्यावरच्या इतर बायकाही माना डोलवत होत्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. आमच्या भिडेखातर कुणी तक्रार करायला आलं नव्हतं, नुसतं मनात धरून बसल्या होत्या.

"वॉचमननं बटण दाबलं हे नक्की?"

"दाबला. मंग हात जोरले."

माझ्या कानात ते गाणं पुन्हा वाजायला लागलं. भात संपला तरी चालू असलेलं. मी ते सबंध ऐकलं होतं, मध्ये कुठे खंड नव्हता. नगरसेवकाला अर्ध्या वाक्यात तोडणारा प्रफुल्ल, समोर लाल दिवा लागलेला, आणि गाणं चालूच. मी रचनाला फोन केला आणि आनंदाची कोठडी वाढवून मागू नकोस म्हणून सांगितलं.

६

रचना स्टुडिओच्या दाराबाहेर उभी राहिली, मी आत गेलो. दार लावल्यावर बाहेरचा रस्ता, रिक्षा, कावळे, सगळं नाहीसं झालं. प्रफुल्ल माइकसमोरच्या खुर्चीत बसला होता.

"एक विचारायचं राहिलं," मी म्हटलं. "त्या दुपारी तू इथे असताना खालून कुणाची मयत गेली का रे?"

तो पटकन म्हणाला, "गेली ना. शिवरामबाबांची. केवढं भजन होतं सोबत, काका. टाळ काय, मृदंग काय."

"मग गाणं थांबवलंस?"

"थांबवलं की. माझं कधी चुकतं का?"

चोराच्या मनात चांदणं असतं. हा तर चांदण्यात आरसा घेऊन बसला होता.

"प्रफुल्ल, या खोलीत टाळ ऐकू येत नाही. मागे एकदा खाली रस्त्यावर बस जळाली तरी इथे कळलं नव्हतं."

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणजे, लोकांनी सांगितलं नंतर."

"लोकांनी सांगितलं असतं तर गाणं थांबलं नाही हेही सांगितलं असतं. आख्ख्या गावाला तेच बोचतंय. आणि तू अजून सगुणाबाईच्या दारात माफी मागायला गेलेला नाहीस. वॉचमननं बटण दाबलं. दिवा चांगला आहे, दुसऱ्या दिवशी दर्शनाच्या वेळी तो लागला. तू खुर्चीत असतास तर गाणं थांबलंच असतं, तुला ओळखतो मी. दिवा लागला, पण रिकाम्या खुर्चीसमोर लागला. तुझं बोलणं, तुझी गाणी सगळं सकाळीच रेकॉर्ड करून कम्प्युटरला लावलं होतंस. म्हणून फोनलाइन रुसली. रेकॉर्ड केलेल्या माणसाला श्रोत्यांशी बोलता येत नाही."

तो समोरच्या विझलेल्या दिव्याकडे पाहत राहिला.

"आणि टाळ तू ऐकलेस ते गच्चीवर," मी म्हटलं.

दार उघडून रचना आत आली. तेव्हा तो बोलायला लागला, आणि बोलताना आवाज तोच होता, दुपारचा, गोड. दौलतचा खरा आवाज त्यानंच दिला होता. एका हळदीच्या मंडपात माइक धरला होता, तिथे भराव टाकणारी माणसं भेटली. रोजच्या हळदी मिळतील म्हणाली.

"नुसतं नाव कळेल, धमकावतील, एवढंच वाटलं होतं," तो म्हणाला. "पाय तोडतील असं नव्हतं वाटलं. सकाळी दर्शनाचा फोन मीच घेतला. तिला समजवायला गेलेलो गच्चीवर. आनंदा भांडून खाली गेला, मग मी पुढे झालो. ती म्हणाली, हे आज रेडिओवर मी स्वतः सांगणार. तेवढ्यात खाली भजन आलं."

"मग?"

"तिला वाटलेलं मी पाच मिनिटं गाणं लावून वर आलोय. म्हणाली, प्रफुल्ल, मयत आलीय, गाणं थांबव. मी हललो नाही. तर तीच निघाली. म्हणाली, शिवरामबाबा आहेत रे, मी थांबवते." त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. "ती स्टुडिओत गेली असती तर सगळं उघडं पडलं असतं. मी दंड धरला. ती झटापट करत मागे गेली, कठडा बुटका. तिची किंकाळी मला ऐकू आली. खाली टाळ होते, कुणाला नाही ऐकू गेली."

ढकललं की पडली, हे त्यानं तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढेही सांगितलं नाही. ते कोर्ट ठरवील. मला इतकंच कळत होतं की आमच्या रेडिओवरची ती पोर एका म्हाताऱ्याचा मान राखायला धावली होती आणि त्यात मेली.

७

आनंदा घरी आला. सखुबाईनं त्याला उंबऱ्यातच थांबवून त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, मग आत घेतलं. मी निघणार तेवढ्यात तिनं हाक मारली.

"सायब, एक इचारू? माझे पोरीला नेली तवा गाना कोनी थांबवला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पोलिसात असताना पुष्कळ बोललोय. पण तिच्यासमोर ते जमेना.

"त्यानंच," मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली. "मना तवा बरा वाटलेला," ती म्हणाली. "मी बोलली, पोरीसाटी आख्खा गाव गप झाला." मग तिनं मान वर केली. "त्याचा थांबवना नको मना. ता परत घ्या. तुमी द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी माइकसमोर बसायला कुणी नव्हतं. नीलाताईंनी मला बसवलं आणि स्वतः खाली गेल्या. गेटवर सखुबाई उभी होती, शेजारी आनंदा, आणि आनंदानं जाऊन आणलेली सगुणाबाई. रस्त्यावरून कुठलीही मयत जात नव्हती. वॉचमननं तरीही बटण दाबलं.

लाल दिवा लागला. मी चालू गाणं थांबवलं. बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून दर्शनाचं नाव घेतलं नाही, शिवरामबाबांचंही नाही. किती वेळ थांबायचं ते मला ठाऊक नव्हतं, कारण वळणापलीकडे जायला तिरडीच नव्हती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

दार उघडून आनंदा आत आला. आवाज माइकवर जाऊ नये म्हणून तो माझ्या कानाशी वाकला.

"आई बोलते, झालं," तो हळूच म्हणाला. "आता लावा."

मी गाणं लावलं.